खुर्ची, मर्जी आणि हिशेब: सत्ता माणसाला खरंच बिघडवते का?

“निवडून यायच्या आधी बरा होता हो, खुर्चीवर बसला आणि बदलला.” पारावर हे सरपंचाबद्दल ऐकू येतं, लिफ्टमध्ये सोसायटीच्या चेअरमनबद्दल आणि रात्री टीव्हीसमोर एखाद्या मंत्र्याबद्दल. त्यावर कोणीतरी लगेच म्हणतं, “बदलला कसला? आधीपासून तसाच होता, संधी आत्ता मिळाली.” दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं सोळा आणे खरं वाटतं.

मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. तेव्हा हाच वाद वेगळ्या रूपात समोर आला. काहींना हायसं वाटलं: नगरसेवक गेले, टक्केवारी गेली, आता एक शिकलेला अधिकारी सरळ कारभार करील. काहींना धास्ती वाटली, कारण स्थायी समिती आणि महासभा या दोन्हींचे अधिकार एकाच सहीत आले होते. ती सही चुकली तर सभागृहात उभं राहून विचारणार कोण? माणूस चांगला असण्यावर विसंबायचं की त्याला विचारणारा कोणी असण्यावर, हा खरा प्रश्न आहे. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत, न्यायालयांत आणि खणलेल्या रस्त्यांत त्याचं बरंचसं उत्तर सापडलेलं आहे.

सत्ता म्हणजे नेमकं काय

दुसऱ्याला हवी असलेली गोष्ट देणं, अडवणं किंवा लांबवणं ज्याच्या हातात असतं, त्याच्याकडे सत्ता असते. त्यासाठी लाल दिव्याची गाडी लागत नाही. सातबाऱ्यावरची नोंद, रेशनचं धान्य, वसतिगृहाचं रात्रीचं दार, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावरची सही, या सगळ्यांमागे कोणाची ना कोणाची सत्ता आहे. आपल्याकडे सरळ नकार फार कमी मिळतो. “पुढच्या आठवड्यात या” हेच सत्तेचं सर्वांत वापरातलं हत्यार.

सत्तेचा गैरवापर म्हणजे फक्त पैसे खाणं नव्हे. मेव्हण्याला कंत्राट देणं, विरोधात मत दिलेल्या वस्तीचा नळ लांबवणं, किंवा काही फायदा नसताना समोरच्याला ताटकळत ठेवून त्याची जागा दाखवणं, हाही गैरवापरच. शेवटच्या प्रकारात रुपयाही फिरत नाही, म्हणून तो कुठल्याच ऑडिटमध्ये सापडत नाही. सामान्य माणसाला मात्र तो सगळ्यात जास्त वेळा भेटतो.

सत्ता भ्रष्ट करते आणि निरंकुश सत्ता पूर्णपणे भ्रष्ट करते, अशा अर्थाचं लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकाराचं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. ते आलं एका पत्रात, १८८७ साली, पुढे बिशप झालेल्या मँडेल क्रेटन यांना लिहिलेल्या. विषय होता इतिहास कसा लिहावा हा. पोप आणि राजे यांनी काही वावगं केलं नसेल असं आधीच धरून चालायची सूट इतिहासकारांनी देऊ नये, उलट सत्ता जितकी मोठी तितका संशय मोठा असावा, असं ॲक्टनचं म्हणणं होतं. म्हणजे मूळ मुद्दा सत्ताधाऱ्याच्या मनात काय होतं हा नव्हता, त्याला इतरांनी कसं तपासावं हा होता. पुढे मुद्दा गळाला आणि वाक्य तेवढं राहिलं.

तळघरातला तुरुंग

सत्तेने माणूस राक्षस होतो, याचा पुरावा म्हणून १९७१ सालच्या एका प्रयोगाचं नाव हमखास घेतलं जातं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने विभागाच्या तळघरात खोटा तुरुंग उभारला. २४ तरुण निवडले आणि कोण कैदी, कोण पहारेकरी हे नशिबावर सोडलं. प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. पहारेकऱ्यांनी कैद्यांचा इतका छळ मांडला की तो ६ दिवसांत गुंडाळावा लागला.

गोष्ट एवढीच सांगितली तर ती अर्धी राहते. जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती नंतर तपासल्या गेल्या, तेव्हा पहारेकऱ्यांनी कडक वागावं म्हणून त्यांना वरून सूचना मिळाल्या होत्या असं दिसलं. झिंबार्डो नुसते निरीक्षक नव्हते, तेच तुरुंगाचे अधीक्षक बनून बसले होते. सगळेच पहारेकरी क्रूर वागले असंही नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००२ मध्ये असाच एक प्रयोग दाखवला. तिथे पहारेकऱ्यांची सत्ता टिकलीच नाही, कैद्यांनी ती उलथवली. तेव्हा अंगावर गणवेश चढला की माणूस आपोआप बिघडतो, हा निष्कर्ष टिकत नाही.

मला या प्रयोगातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. तो थांबला कसा? क्रिस्टिना मास्लाक नावाची एक तरुण संशोधक पाहणीसाठी आली आणि डोक्यांवर पिशव्या घातलेल्या, साखळीने एकमेकांना जोडलेल्या कैद्यांची रांग पाहून झिंबार्डोंशी भांडली. त्याआधी बाहेरच्या कितीतरी लोकांनी तो तुरुंग पाहिला होता. आक्षेप घेणारी ती एकटीच, असं पुढे स्वतः झिंबार्डोंनीच सांगितलं. त्या तळघरात सत्ता होती, वरून इशारा होता आणि इतके दिवस “हे चुकीचं आहे” म्हणणारं कोणी नव्हतं. मास्लाकच्या भांडणानंतर दुसऱ्याच दिवशी तुरुंग बंद झाला.

खुर्ची एक, माणसं दोन

मग खुर्ची माणसात काहीच बदल करत नाही का? करते, पण सगळ्यांत सारखा नाही.

सेरेना चेन, ॲनेट ली-चाय आणि जॉन बार्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची आधी प्रश्नावलीवरून विभागणी केली: काही जण नात्यात समोरच्याची गरज पाहणारे, काही जण दिल्या-घेतल्याचा हिशेब मोजणारे. मग त्यांना एका प्राध्यापकाच्या खोलीत नेलं. काहींना टेबलामागच्या प्राध्यापकाच्या खुर्चीत बसवलं, काहींना पाहुण्याच्या साध्या खुर्चीत. काम असं होतं की स्वतः आणि येऊ घातलेला दुसरा विद्यार्थी यांच्यात कामं वाटायची. प्राध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या हिशेबी विद्यार्थ्यांनी जास्त ओझं दुसऱ्यावर टाकलं, तर गरज पाहणाऱ्यांनी त्याच खुर्चीत बसून स्वतःवर जास्त घेतलं. आत जे होतं ते खुर्चीने मोठं करून दाखवलं.

दुसरा बदल नजरेत होतो. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काही जणांना आपण कोणावर सत्ता गाजवल्याचा प्रसंग आठवायला सांगितला, काहींना आपल्यावर कोणी सत्ता गाजवल्याचा. मग सगळ्यांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ काढायला सांगितली. सत्ता आठवणाऱ्यांनी ती स्वतःला सरळ आणि समोरच्याला उलटी दिसेल अशी काढण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. अर्थ असा लावला गेला की सत्तेची जाणीव झाली की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची सवय सुटते. इथे थोडं सावध राहावं. असे प्रयोग बहुतेक विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर झालेले असतात आणि या पद्धतीचे प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल दर वेळी तसाच येत नाही. पण ज्याने मोठ्या साहेबाची केबिन पाहिली आहे, त्याला यातलं काही फार नवलाचं वाटणार नाही. साहेबाला जगाचं मत समजून घ्यायची गरजच पडत नाही. गरज असलेलं जग रांगेत बाहेर बसलेलं असतं.

आणि खिडकीवरचा माणूस? त्याच्याकडे ना पगार, ना मान, तरी तोच सगळ्यात जास्त का डाफरतो? याही प्रश्नावर संशोधन आहे. नॅथनेल फास्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ज्यांना दुसऱ्यावर अधिकार दिला पण भूमिका मात्र कमी मानाची दिली, त्यांनी जोडीदारासाठी जास्त अपमानास्पद कामं निवडली. त्या यादीत कुत्र्यासारखं तीनदा भुंकणं हेही एक काम होतं. अधिकार होता आणि मान नव्हता, अशा जागेवरचा माणूस मान वसूल करू लागतो. कार्यालयं सुधारायची असतील तर हा मुद्दा कॅमेरे बसवण्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्यावर क्वचितच बोललं जातं.

चांगला माणूस निवडला की झालं, नाही का?

हा सगळ्यांत गोड उपाय आहे आणि त्यावर विसंबणं सगळ्यांत धोक्याचं. चांगला माणूस निवडावा हे खरंच, पण निवडताना तो खुर्चीत नसतो. खुर्ची काय मोठं करणार आहे, हे मतपेटीला आधी दिसत नाही.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. १९८० च्या आसपास सिमेंट मिळणं दुर्मीळ होतं. त्याचे भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं आणि बिल्डरला किती गोण्या मिळणार हे वरून ठरायचं. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना त्यांच्या ट्रस्टला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना जादा सिमेंट मिळतं, अशा बातम्या १९८१ मध्ये आल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे अनेक वर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजत राहिला. अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले.

आपण ही गोष्ट एका माणसाची म्हणून आठवतो. पण सिमेंटचं पुढे काय झालं? त्याच १९८२ मध्ये केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. आज कोणी बिल्डर सिमेंटच्या गोण्यांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत नाही. सिमेंटच्या व्यवहारातले सगळे लोक अचानक सज्जन झाले म्हणून नव्हे, तर मर्जीने वाटायची ती वस्तूच उरली नाही म्हणून. त्याच बिल्डरांना जमिनीचा वापर बदलायला आणि एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) मिळवायला अजूनही सह्या लागतात आणि संशय आता त्या फायलींभोवती फिरतो, हे वेगळं सांगायला नको.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकी अभ्यासकाने हे एका सूत्रात बसवलं आहे. भ्रष्टाचार म्हणजे मक्तेदारी, अधिक मर्जी, वजा जाब. मक्तेदारी म्हणजे ती गोष्ट दुसरीकडे कुठे मिळतच नाही. मर्जी, ज्याला सरकारी भाषेत स्वेच्छाधिकार म्हणतात, म्हणजे कोणाला द्यायचं हे एक माणूस ठरवतो. आणि जाब, म्हणजेच उत्तरदायित्व: का दिलं, का नाही, हे त्याला सांगावं लागतं. या सूत्रात माणसाचा स्वभाव नावाचा रकानाच नाही. मला हे थोडं टोकाचं वाटतं, खुर्चीचा प्रयोग स्वभावही मोजायला लावतो. पण स्वभाव बदलता येत नाही आणि हे तीन रकाने बदलता येतात, म्हणून सूत्र कामाचं आहे.

एका किल्ल्यावर तीन अधिकारी

सत्ता वाटून ठेवणं हा काही परदेशातून आलेला उपाय नाही. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सभासद या बखरकाराने लिहून ठेवली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, एकाच दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. एकाला फितवून गड ताब्यात यावा अशी सोयच ठेवलेली नव्हती. महाराजांनी आपल्या माणसांवर विश्वास ठेवला नाही असं कोणी म्हणणार नाही. विश्वास होता, तरीही व्यवस्था तीन सह्यांची होती.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यघटनेतलं. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. घटनेतली ‘अंतर्गत अशांतता’ ही सैल शब्दयोजना तेव्हा पुरेशी ठरली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नेमकी हीच दारं बंद केली. अशांततेऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे कारण लागेल, मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागेल, संसदेने महिन्याच्या आत दोन तृतीयांश बहुमताने मान्यता द्यावी लागेल आणि जगण्याच्या हक्काची न्यायालयीन दाद आणीबाणीतही थांबवता येणार नाही. या दुरुस्तीत सत्ताधाऱ्याने सद्गुणी असावं अशी अपेक्षा कुठेच नाही. एका रात्रीत एका माणसाला काय करता आलं, ते पाहून तेवढी वाट अरुंद केली.

गावात येऊ. ग्रामपंचायतीचा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांची सही लागते. आता ती डिजिटल झाली आणि दोघांचे डोंगल (सही साठवलेली पेनड्राइव्हसारखी कांडी) वेगवेगळे असतात. कागदावर ही गडाचीच व्यवस्था. पण दोन्ही डोंगल संगणक चालवणाऱ्या एकाच पोराच्या खणात पडलेले असतील, तर दोन सह्यांची एक झाली. सरपंचबाई निवडून आल्या आणि सही त्यांच्या यजमानांच्या सांगण्यावर होत असेल, तरी तेच.

आणि सह्या करणारे सगळेच एक झाले तर? होतात. म्हणून नाही म्हणू शकणाऱ्याची नोकरी, बदली आणि बढती ज्याला नाही म्हणायचं त्याच्या हातात असता कामा नये. अधिकाऱ्याने एका जागी साधारण ३ वर्षं राहावं असं महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा म्हणतो. तोंडी आदेशांवर काम करू नये, आलेच तर ते लेखी नोंदवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सांगितलं. तरीही “साहेबांचा फोन आला होता” या चार शब्दांवर राज्यात किती फायली हलतात, हे वाचकांना सांगायला नको.

ग्रामसभा आहे की! लोकच जाब विचारतील

ऐकायला हे लोकशाहीला शोभणारं आहे आणि म्हणूनच ते तपासायला हवं. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्कन यांनी इंडोनेशियात जावा बेटावरच्या ६०० हून जास्त गावांत ते तपासलं. या गावांत छोटे रस्ते बांधले जाणार होते. काही गावांना चिठ्ठ्या टाकून आधीच कळवलं: तुमच्या कामाचं सरकारी ऑडिट नक्की होणार. एरवी ते होण्याची शक्यता ४ टक्के होती. आणखी काही गावांत हिशेबाच्या सभेची शेकडो निमंत्रणं घरोघर वाटली, कुठे नाव न देता तक्रार लिहायचे कागदही दिले. काम झाल्यावर इंजिनियरांनी रस्ते जागोजाग खणले, खाली दगड आणि वाळू किती हे मोजलं, बाजारभाव काढले, मजुरांना मजुरी विचारली आणि कागदावरचा खर्च त्याच्याशी ताडून पाहिला.

ज्या गावांना ऑडिट नक्की होतं, तिथे गायब पैशाचं प्रमाण खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे ८ रुपयांनी घटलं. निमंत्रणांच्या गावांत सभेला गर्दी वाढली, बोलणंही वाढलं, पण एकूण गळती जवळजवळ तेवढीच राहिली. का, ते तपशिलात दिसतं. मजुरीतली चोरी कमी झाली, कारण आपल्याला किती मिळाले हे मजुराला माहीत असतं. साहित्यातली चोरी कमी झाली नाही, कारण रस्त्याच्या पोटात खडी किती इंच आहे हे गावात कोणालाच माहीत नसतं. जे डोळ्यांना दिसतं त्याचा जाब लोक विचारतात. जे गाडलेलं असतं त्याला मोजणारा लागतो.

या अभ्यासात एक गंमतही आहे. ऑडिटच्या गावांत पैसे कमी गायब झाले, पण कामावर नातलगांना लावण्याचं प्रमाण वाढलं. एक वाट बंद केली की पाणी दुसरी शोधतं, तसलाच प्रकार.

आपल्याकडे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तारखांना ग्रामसभा भरतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणून जे ठराव गर्दीत अडले असते, ते तहकूब सभेत शांतपणे मंजूर होतात. ग्रामसभा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव वगळलं, पाणी कुठल्या वस्तीला येत नाही, हे तिथेच कळतं. पण रस्त्याची जाडी हात वर करून ठरवता येत नाही.

पण ऑडिट तर दरवर्षी होतंच!

होतं. स्थानिक निधी लेखा विभाग ग्रामपंचायतींचं लेखापरीक्षण करतो, आक्षेप निघतात, त्यांची ‘पूर्तता’ होते आणि दप्तर कपाटात जातं. ऑडिटर कागद कागदाशी जुळतो का ते पाहतो. ओल्कनच्या इंजिनियरांनी कागद रस्त्याशी जुळतो का ते पाहिलं. यातला फरक ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळेल: कारखान्याच्या काट्याची पावती कारखान्याच्या वहीशी जुळणारच, वजन बाहेरच्या काट्यावर केलं तर कळतं.

ब्राझीलमध्ये २००३ पासून ऑडिटसाठी महापालिका सरकारी लॉटरीच्या सोडतीने, जाहीरपणे निवडू लागले. कोणाचा नंबर लागणार हे मंत्र्यालाही ठरवता येत नव्हतं. तपासनीस बाहेरून यायचे आणि अहवाल जनतेसमोर ठेवला जायचा. क्लाउडियो फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान यांनी २००४ च्या निवडणुकीचे निकाल पाहिले. मतदानाआधी ज्यांच्या भानगडी बाहेर आल्या, त्या महापौरांना फटका बसला आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे जास्त बसला. ऑडिट, निवडणूक आणि बातमी या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते घडलं. आपल्याकडे तिन्ही आहेत, पण सुट्या सुट्या. ऑडिटचा अहवाल आचारसंहितेआधी गावच्या फलकावर लागला, असं फारसं ऐकिवात नाही.

मतदार पाच वर्षांनी बघून घेतील

याच दोन संशोधकांनी पुढे दाखवलं की पुन्हा निवडून येण्याची संधी असलेल्या महापौरांच्या काळात, शेवटची कारकीर्द असलेल्यांच्या तुलनेत, २७ टक्के कमी पैसे गायब झाले. म्हणजे निवडणुकीची भीती काम करते, पण जोवर पुढची निवडणूक आहे तोवरच.

इथे मला आपल्या व्यवस्थेतली एक अडचण दिसते. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं असतं. ज्यांना गावाने कधी खुर्चीजवळ येऊ दिलं नव्हतं त्यांना ती या फिरत्या आरक्षणानेच मिळाली. ते काढून घ्यावं असं म्हणणारा मी नाही. पण त्याचा एक परिणाम असा की पुष्कळ सरपंचांची पहिली कारकीर्द हीच शेवटची असते, कारण पुढच्या वेळी पद दुसऱ्या प्रवर्गाला जातं. मतदारांकडे परत जायचंच नसेल तर मतदारांचा धाक कसला? म्हणून जिथे पुन्हा उभं राहता येत नाही तिथे मुदत संपायच्या आत बाहेरचं ऑडिट सक्तीचं हवं, असं माझं मत आहे.

थेट निवडलेल्या सरपंचाचं आणखी एक आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा आला, २०२० मध्ये तो मागे घेतला गेला, २०२२ मध्ये परत आणला गेला. थेट सरपंच सदस्यांच्या फोडाफोडीपासून सुटतो, हा फायदा खरा आहे. पण त्याला काढायला सदस्यांचं मोठं बहुमत आणि वर ग्रामसभेतलं गुप्त मतदान लागतं. खुर्ची जितकी स्थिर केली, तितका रोजचा जाब घट्ट करायला हवा होता. पहिलं झालं, दुसरं राहिलं.

इतके अंकुश लावले तर काम कोण करणार?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. चौकशीच्या भीतीने सही टाळणारे अधिकारी हे वास्तव आहे. म्हणूनच २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ कलम आलं: अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्याआधी सरकारची मंजुरी घ्यायची. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण मिळावं हा हेतू. टीकाकार म्हणतात, ज्याची चौकशी करायची त्याच्याच घरून परवानगी आणायची, हे कसं चालेल?

अंकुशाचे दोन प्रकार वेगळे केले की हा गुंता बराच सुटतो. एक, काम करण्याआधी दहा टेबलांची परवानगी. दोन, काम केल्यावर कडक, जाहीर हिशेब. पहिल्याने काम थांबतं, आणि गंमत म्हणजे गैरवापर वाढतो, कारण प्रत्येक टेबल ही अडवण्याची नवी जागा होते. दुसऱ्याने काम थांबत नाही. आपल्या प्रशासनात पहिला प्रकार भरभरून आहे आणि दुसरा दिसायला फार कष्ट पडतात. फाईल कोणाच्याही टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असा दप्तर दिरंगाईचा कायदा २००६ पासून महाराष्ट्रात लागू आहे. तो माहीत असलेला अर्जदार शोधावा लागतो.

खमक्या नेता हवा, त्याला मोकळा हात द्या, असंही म्हटलं जातं. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

विचारणाऱ्याचं काय?

जाब विचारणं फुकट नसतं. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. भानगड उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अंमलातच आणला गेला नाही. राहून गेलेल्या कामांतलं सगळ्यांत लाजिरवाणं काम हेच. ते दिल्लीतून व्हायला हवं, आपल्या हातात नाही.

आपल्या हातात जे आहे त्यातलं एक कलम फार थोड्यांना माहीत असतं. माहिती अधिकार कायदा, २००५ म्हणजे फक्त कागदांच्या झेरॉक्स नव्हेत. कलम २(ञ) प्रमाणे नागरिकाला कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. गावच्या रस्त्यासाठी अर्ज करताना अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका म्हणजे ‘एमबी’ची प्रत मागा. एमबीत खडीचा थर किती जाड दाखवला आहे ते वाचा. मग त्याच रस्त्याची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागणारा दुसरा अर्ज टाका. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं असतं.